सीएचओ पेशी फ्लास्कमध्ये मस्त, २ लिटरच्या फर्मेंटरमध्ये तिसऱ्या दिवशी मरतायत

अर्धवट_संशोधक:
लोकहो मदत करा. लॅबमध्ये काचेचा २ लिटरचा फर्मेंटर आहे, आजवर त्यात फक्त ई. कोलाय वाढवलेत, आता मला सीएचओ (चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या) पेशी सस्पेन्शनमध्ये, म्हणजे द्रवात तरंगत्या, वाढवायच्यात. शेक फ्लास्कमध्ये त्याच पेशी, तेच मीडियम, व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) ९५ टक्क्यांच्या खाली येत नाही. फर्मेंटरमध्ये मिलीला ५ लाख टाकल्या, पहिला दिवस बरा, दुसऱ्या दिवशी वाढ मंदावली आणि तिसऱ्या दिवशी ट्रायपॅन ब्लू लावलं तर निम्म्या निळ्या, म्हणजे मेलेल्या. ३७ डिग्री, डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) ४० टक्के, पीएच ७.१, १२० आरपीएम. इम्पेलर (ढवळणारी पाती) जुनाच, रश्टन, म्हणजे उभ्या सपाट पात्यांचा. सगळे म्हणतात पात्यांनीच पेशी फाटतायत. नवीन मागवायचा का? दोन बॅच गेल्या, गाइड काही बोलत नाहीत पण बघतात ना, तेच जास्त लागतं.

बुडबुडा:
रश्टनवर खापर फोडायची सवयच लागलीय लोकांना. १२० ला एवढ्याशा भांड्यात ती पाती काही पेशी फाडत नाहीत. पिच्ड ब्लेड (तिरप्या पात्यांचा) असला तर कमी वेगातही वरखाली छान मिसळतं एवढंच. खरा घात होतो बुडबुडा वर येऊन फुटतो तिथे, पेशी त्याला चिकटून वर येतात आणि तो फुटताना सापडतात. म्हणून तर प्लुरोनिक एफ-६८ घालतात, लिटरला साधारण १ ग्रॅम, मग त्या चिकटत नाहीत. तुमच्या मीडियममध्ये आहे का ते? आणि ई. कोलायच्या सवयीने मिनिटाला लिटरभर हवा तर सोडत नाही ना?

अर्धवट_संशोधक:
प्लुरोनिक आहे. हवा अगदी कमी, फेस बोटभरसुद्धा नाही. हां, एक विचित्र वाटलं, बेसची बाटली (पीएच खाली गेला की कंट्रोलर त्यातून ओततो) भराभर संपते. दोन दिवसांत २०० मिली बायकार्बोनेट गेलं, मला वाटलं पेशींचं लॅक्टेट (आम्ल) जास्त बनत असेल.

जुना_प्रोब:
अहो हे आधी सांगायचं ना!! दीडेक लिटर कल्चरमध्ये २०० मिली म्हणजे पेशी लोणच्यातच घातल्या की. पीएच प्रोब ४ आणि ७ ला कॅलिब्रेट करून मग भांड्यासकट १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह केला असणार, त्यात तो सरकतो, म्हातारा असेल तर ०.२-०.३ सहज. कमी दाखवायला लागला की कंट्रोलर बिचारा बेस ओततच राहतो, आणि त्या सोडियमने ऑस्मोलॅलिटी (द्रवात किती काय विरघळलंय त्याचं माप) चढते. ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास पेशी खूश असतात, ४०० च्या पुढे वाढ अडखळते. सॅम्पल काढून बाहेरच्या मीटरवर बघा, पण लगेच, मिनिटभरात, नाहीतर सीओटू उडून जातो आणि पीएच आपोआप वर सरकतो, मग उलटच गोंधळ.

बुडबुडा:
यात भर, डेडबँड (ठरवलेल्या पीएचच्या आजूबाजूची पट्टी, जिच्यात कंट्रोलर गप्प बसतो) किती ठेवलाय तेही बघा. फार अरुंद असेल तर एकदा पीएच उतरवायला सीओटू, एकदा चढवायला बेस, पुन्हा सीओटू असं दोघांचं भांडण चालतं आणि स्क्रीनवर रेघ मात्र सरळसोट, कुणाला शंका येत नाही. बॅक्टेरियाच्या सेटिंगमध्ये हे लक्षात येत नाही कारण तिथे बहुतेक एकाच बाजूला चालतं.

अर्धवट_संशोधक:
आठवड्याने येतोय. स्क्रीनवर ७.१, बाहेर ७.३८!! डेडबँड ०.०१ होता, कुणी ठेवला देव जाणे. जुन्या बॅचचं सुपरनॅटंट (पेशी काढल्यावर उरलेला द्रव) फ्रीजमध्ये होतं, ऑस्मोमीटरवर ४७०. आता बाहेरच्या रीडिंगवर प्रोब जुळवला, डेडबँड ०.०५, इम्पेलर तोच रश्टन. आज चौथा दिवस, व्हायबिलिटी ९३, बेस जेमतेम १५ मिली. प्रोब रोज जुळवावा लागतो का?

जुना_प्रोब:
रोज सकाळी सॅम्पल काढता तेव्हाच बघायचं. ०.०५ च्या आत फरक असेल तर हात लावू नका, रोज थोडंथोडं हलवत बसलात तर प्रोबपेक्षा तुम्हीच जास्त सरकाल.