सात वर्षांचं लोन काढून नवी गाडी?
भाऊ, डाऊनपेमेंट कमी भरून सात वर्षांचं लोन घेतो म्हणता, पण हिशेब तर करा, ५ लाखाला साडेनऊ टक्क्यानं महिन्याचा हप्ता ८१७२ च्या आसपास, म्हणजे १ लाख ८६ हजार नुसतं व्याज! अन् आपल्याकडे पैसा येते सोयाबीन-कापूस विकल्यावर, हप्ता मात्र दर महिन्याले. मी दारव्ह्याकडचा, दोन हंगाम पैसे बाजूला ठेवून जुनी अल्टो रोखीनं घेतली, क्लच घासलेला होता, सीटखाली सरकी निघाली बापा, पण चालते मस्त. जुनी घ्याल तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बँकेच्या कर्जाचा बोजा बघा, असला तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) अन् बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. अन् नव्या गाडीतल्या सनरूफचं, म्हणजे छताच्या उघडत्या काचेचं म्हणाल तर मे महिन्यात आपल्या उन्हात ते उघडणार कोण?