कॅनडाचं पीआर (कायमच्या वास्तव्याची परवानगी) झालंय, कार्ड हातात नाही, मी देवगडला. परत कसं जायचं?

हापूसबाग_देवगड

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही.

मी चार वर्षं कॅनडात आहे, ब्रॅम्प्टनला. आधी शिक्षण, मग वर्क परमिट. गेल्या महिन्यात पीआर पोर्टलवर ई-सीओपीआर, म्हणजे पीआर झाल्याचं डिजिटल प्रमाणपत्र आलं. कार्डासाठी फोटो आणि पत्ता आधीच भरून दिला होता, म्हणून पोस्टाची वाट बघत होतो. तेवढ्यात घरून फोन आला. बाबा विहिरीच्या पायरीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, कणकवलीला ऑपरेशन ठरलं. त्या रात्री कार्डाचा विचार मनात आलाच नाही. मिळेल ते तिकीट काढलं आणि निघालो.

बाबा आता वॉकर धरून पडवीपर्यंत येतात. माझं परतीचं तिकीट गणपती झाल्यावर आहे, मुंबईहून, अजून पाच आठवडे आहेत. माझ्याकडे ई-सीओपीआरची प्रिंट आहे, पासपोर्टात जुना व्हिसा आहे (दीड वर्ष मुदत बाकी), आणि वर्क परमिट आहे, तो नोव्हेंबरात संपतो.

आता ऑफिसातून मेल आलाय की परमिट संपत आलंय, पुढे काम करण्याचा पुरावा पाठवा. इथे तालुक्यात एकजण म्हणतो, पंधरा हजार द्या, दुसरा व्हिजिटर व्हिसा काढून देतो, त्यावर जा. आणि आजी रोज सकाळी विचारते, "गावलो रे तुझो कागद?" तिला काय सांगू तेच कळत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. झोप उडालीय.

गुहागरकर_किचनर

आधी बाबांना आराम पडो. खुब्याच्या हाडाला वेळ लागतो, घाई करू देऊ नका.

आता तुझं. सर्वात पहिलं म्हणजे तो व्हिजिटर व्हिसा काढायचा नाही. तू पीआर आहेस, आणि पीआर असलेल्याला व्हिजिटर व्हिसा मिळत नाही. ते पंधरा हजार वाचव.

तुझं स्टेटस काय आहे आणि ते दाखवायला कुठे कुठला कागद लागतो, हे दोन प्रश्न वेगळे ठेव. पोर्टलवर ई-सीओपीआर आलं आणि त्यावर पीआर झाल्याची तारीख पडली, तेव्हाच तू पीआर झालास. कार्ड त्यानंतर येतं. कार्ड यायला उशीर झाला, हरवलं, मुदत संपली, तरी पीआर जात नाही. हे घरच्यांनाही नीट समजावून सांग, कारण घरी सगळ्यांना वाटतं की कार्ड नाही म्हणजे पोराचं काहीतरी अडलंय.

ऑफिसला ई-सीओपीआरच पाठव. पीआरला कामासाठी परमिट लागत नाही, त्यामुळे नोव्हेंबरच्या तारखेला आता काही अर्थ उरला नाही. तुझा सिन नंबर (कॅनडात काम करायला लागणारा सरकारी क्रमांक) मात्र अजून ९ ने सुरू होणारा असेल. तो तात्पुरत्या लोकांचा असतो आणि त्याला मुदत असते. पोचल्यावर सर्व्हिस कॅनडाकडे ई-सीओपीआर दाखवून नवा घे आणि तो ऑफिसला आणि बँकेला कळव. हेल्थ कार्डालाही तोच कागद चालतो. डिजिटल असल्यामुळे काउंटरवरचा माणूस कधीकधी दोनदा बघतो. माझ्या वेळी एका बाईंनी आत जाऊन साहेबांना विचारलं होतं. तेवढाच त्रास.

पण विमानाचं वेगळं आहे. ई-सीओपीआर कॅनडाच्या आत पुरावा म्हणून चालतं, प्रवासाचा कागद म्हणून चालत नाही. बाहेरून विमानाने, बसने, ट्रेनने किंवा बोटीने येणाऱ्या पीआरकडे पीआर कार्ड हवं, नाहीतर पीआरटीडी, म्हणजे कार्डाऐवजी पीआरला मिळणारा प्रवासाचा कागद हवा. पासपोर्टातल्या जुन्या व्हिसावर चढू नको. काहींना चढू दिल्याचं ऐकशील, पण त्या भरवशावर तिकीट ठेवू नको.

पांढरासमुद्र

वरचं शेवटचं वाक्य मी स्वतः भोगलंय, म्हणून लिहिते.

२०२३ च्या मे महिन्यात मी रत्नागिरीहून परत निघाले. माझंही असंच होतं, नवं पीआर, कार्ड पोस्टात. मी मनाशी म्हटलं, सरकारचा कागद आहे, त्यावर माझं नाव आहे, नाही कोण म्हणेल? मुंबई विमानतळावर रात्री दीड वाजता काउंटरवर उभी राहिले. ट्रॉलीवर आमसुलं, कुळथाचं पीठ, सासूबाईंनी दिलेल्या आगळाच्या दोन बाटल्या, आणि कडेवर झोपलेली लेक. त्या मुलाने पासपोर्ट स्कॅन केला, स्क्रीनकडे बघितलं, परत स्कॅन केला. मग वरच्या माणसाला बोलावलं. तो सभ्यपणे बोलला, पण म्हणाला, "मॅडम, सिस्टिम आम्हाला परवानगी देत नाही." मी प्रिंट पुढे केली. त्याने ती वाचली, घडी घालून परत दिली.

नंतर कळलं की विमान कंपनी स्वतःच्या मनाने ठरवत नाही. प्रवाशाची माहिती कॅनडाकडे जाते आणि बसवायचं की नाही याचं उत्तर तिकडून येतं. चुकीच्या कागदावर कुणाला नेलं तर कंपनीवर दंड बसतो. म्हणून त्या मुलाशी भांडून काही होत नाही. मी भांडले. त्याचं आजही वाईट वाटतं.

सोडायला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन केला तेव्हा तो पनवेल ओलांडून पुढे गेला होता. पहाटे दादरला चुलत नणंदेच्या दारात उभी राहिले. तिकिटाचे बरेच पैसे बुडाले.

मग पीआरटीडी केलं. अर्ज ऑनलाइन, फी ५० डॉलर. पासपोर्टाच्या पानांच्या प्रती, ई-सीओपीआर, फोटो, आणि कार्ड का नाही ते सांगणारं साधं पत्र. मंजूर झाल्यावर पासपोर्ट मागवतात, मुंबईला व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्राकडे द्यायचा. त्यात स्टिकर लागून येतो. तो बहुधा एका फेरीपुरता असतो, हे लक्षात ठेव. मला अर्जापासून पासपोर्ट परत येईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे लागले. तुझ्याकडे पाच आहेत, म्हणून आज रात्रीच बस.

फोटोचं सांगते. कणकवलीत काढायचा तर मापाचं पान छापून घेऊन जा आणि फोटोग्राफरच्या समोर ठेव. आपल्याकडे ते सवयीने भारतीय पासपोर्टचं माप कापतात आणि चेहरा गोरा करून देतात. चेहरा बदलू नका म्हणून सांग. माझा पहिला फोटो त्यातच गेला.

हापूसबाग_देवगड

ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी अगदी तसाच जाणार होतो.

दोन शंका. पीआरटीडीला कॅनडात राहिल्याचे ७३० दिवस दाखवावे लागतात असं वाचलं. माझे तर पीआर झाल्यापासून महिनाही नाही. आणि कार्ड ब्रॅम्प्टनला रूममेटच्या पत्त्यावर येईल. ते सरकारकडून थेट देवगडला मागवता येईल का?

गुहागरकर_किचनर

७३० दिवस पाच वर्षांत. तुझी पाच वर्षं नुकती सुरू झाली आहेत, त्यामुळे पुढे ७३० भरणं शक्य आहे एवढंच बघतात. तू निवांत आहेस. पण विद्यार्थी आणि वर्क परमिटवर काढलेली चार वर्षं यात धरू नको. ती नागरिकत्वाच्या हिशेबात अर्ध्याने लागतात, जास्तीत जास्त ३६५ दिवस. पीआरच्या हिशेबात शून्य. इथे फार जणांची गल्लत होते.

कार्ड सरकार कॅनडाबाहेर पाठवत नाही. पण रूममेटच्या हाती आल्यावर त्याने तुला पाठवलं तर ते तुझंच कार्ड आहे. साध्या टपालाने नको, ट्रॅकिंग असलेल्या कुरिअरने. किंवा त्याहून बरं, गणपतीला तिकडून कोण येतंय बघ. आपली माणसं गणपतीला येतातच. रूममेटला आजच सांग की रोज टपालपेटी बघ. पत्ता भरला आहेस हे चांगलं. पीआर झाल्यापासून १८० दिवसांत पत्ता दिला नाही तर नव्याने अर्ज आणि फी भरावी लागते.

कार्ड आलं की फोटो मागवून नाव तपास. आपलं तीन भागांचं नाव तिकडे नेहमी गोंधळ घालतं. पासपोर्टात वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडलेलं असेल तर कार्ड, सिन, बँक सगळीकडे तसंच हवं.

तारकर्ली_काका

मी अमेरिकेचा आहे, पण लिहितो, कारण माझ्या भाच्याने दोन्ही देशांची सरमिसळ करून घोळ घातला होता. कुणी नातेवाईक अमेरिकेचा अनुभव सांगून धीर देत असेल तर सांभाळा.

तिकडे इमिग्रंट व्हिसावर पहिल्यांदा उतरलं की पासपोर्टातल्या त्या व्हिसावर शिक्का बसतो आणि तोच पुढे एक वर्ष ग्रीन कार्डाच्या जागी चालतो. प्रवासालाही. म्हणून माझी बहीण कार्ड यायच्या आधी मालवणला येऊन गेली आणि काही झालं नाही. कॅनडाच्या ई-सीओपीआरला ती ताकद नाही. त्याचा पासपोर्टात शिक्का किंवा स्टिकर बसतच नाही.

आणि त्या पंधरा हजारवाल्याबद्दल. कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार वकिलाला किंवा परवानाधारक कन्सल्टंटला असतो. कन्सल्टंटना परवाना देणाऱ्या संस्थेची (तिला कॉलेज म्हणतात) यादी ऑनलाइन खुली आहे, नाव टाकून बघा. नाव नसेल तर पासपोर्ट हातात देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचा पासपोर्ट असाच अडीच महिने कुणाच्यातरी कपाटात पडून होता. आई रोज एसटीने जाऊन विचारायची.

शिरोड्याची_मुलगी

मला इथेच विचारायचं आहे, कारण प्रश्न जवळचाच आहे. माझं पीआर अजून मंजूर नाही. अर्ज गेलाय, पोच आलीय. वर्क परमिट पंधरा दिवसांनी संपतंय, वाढवायचा अर्ज मुदतीच्या आत भरून झालाय. मला सांगितलं गेलं की निर्णय येईपर्यंत स्टेटस टिकतं, काम चालू ठेवता येतं. मग गणपतीला दहा दिवस घरी येऊन जाऊ का? तिकीट काढलंय. आई गेल्या वर्षी एकटीने सगळं केलं. या वर्षी मी येणार म्हणून तिने माटवी (गणपतीवर टांगायची चौकट) आत्ताच रंगवून घेतलीय.

गुहागरकर_किचनर

ताई, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण येऊ नकोस.

तू म्हणतेस ते खरं आहे. त्याला मेंटेन्ड स्टेटस म्हणतात, पूर्वी इम्प्लाइड स्टेटस म्हणत. पण ते तू कॅनडात आहेस तोवरच. परमिट संपल्यावर, निर्णय यायच्या आधी बाहेर पाऊल टाकलंस की ते तुटतं. परत येताना कदाचित व्हिजिटर म्हणून आत घेतील, तेही व्हिसा जिवंत असेल तर. तुझ्या पासपोर्टातला व्हिसा परमिटच्याच तारखेला संपतोय का बघ, बहुतेकांचा तसाच असतो. आणि आत घेतलं तरी नवं परमिट मंजूर होईपर्यंत काम करता येत नाही. दहा दिवसांच्या सुट्टीसाठी नोकरी कित्येक महिने थांबेल.

ऑफिसला दाखवायला अर्ज भरल्यानंतर पोर्टलवर येणारं पत्र असतं, काम चालू ठेवता येईल असं सांगणारं. ते जपून ठेव, फीची पावती आणि जुन्या परमिटची प्रतही त्याच्यासोबत ठेव. पीआरच्या अर्जाची पोच असेल आणि तुझ्या पीआर अर्जाचा प्रकार त्यात बसत असेल तर ब्रिजिंग ओपन वर्क परमिट, म्हणजे पीआरचा निर्णय येईपर्यंतचं वर्क परमिट बघ.

पांढरासमुद्र

शिरोड्याच्या ताई, माझ्या लेकीच्या बारशाला मी अशीच जाऊ शकले नव्हते, मी तिकडे कागदात अडकलेली. आईला फोनवर खरं कारण सांगा. "सुट्टी मिळाली नाही" म्हणू नका. कागद समजला की त्यांचा राग जातो.

हापूसबाग_देवगड

तीन आठवड्यांनी कळवतोय.

पीआरटीडीचा अर्ज त्याच रात्री भरला. लाइट दोनदा गेली, मोबाइलच्या नेटवर पहाटे तीनला सबमिट झाला. ऑफिसला ई-सीओपीआर पाठवलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी "पुरेसं आहे" म्हणून उत्तर दिलं. त्या मेलने निम्मं ओझं उतरलं.

आणि मग कार्डच आधी आलं. रूममेटने पेटीत पाकीट बघितलं. त्याच्या ऑफिसातले सावंतवाडीचे एक काका गणपतीला येत होते. परवा सकाळी कोकणकन्या कणकवलीला लागली, काका डब्याच्या दारातच उभे होते. गाडी थांबते जेमतेम दोन मिनिटं. पाऊस धो धो. त्यांनी शर्टाच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीतलं पाकीट काढलं आणि आधी म्हणाले, "उघडून नाव बघ." बघितलं. बरोबर आहे. चहासुद्धा पाजता आला नाही त्यांना. पीआरटीडीचा अर्ज मागे घ्यायला वेबफॉर्मवर लिहिलंय.

आजीने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. चतुर्थीपर्यंत तिथेच राहणार आहे म्हणते. मी नाही म्हटलं नाही.

गुहागरकर दादा, पांढरासमुद्र ताई, काका, तुमचे उपकार कसे फेडू.

शिरोड्याची_मुलगी

हापूसबाग, वाचून डोळे भरले. बाबांना सांभाळ.

मी तिकीट रद्द केलं. व्हिसाची तारीख बघितली, परमिटचीच होती. आईला सगळं सांगितलं, कागदाचं नाव घेऊन, पांढरासमुद्र ताई म्हणाल्या तसं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आरतीच्या वेळी फोन लावून पाटावर ठेवते, तू तिकडून टाळ वाजव. काल इंडियन स्टोअरमधून टाळ आणलेत.