प्रति: रेट्रोपाय बसलं, पण प्लेस्टेशन यादीत दिसत नाही

तुम्ही विचारलंय की रास्पबेरी पाय (छोटा संगणक; पुढे नुसतं 'पाय') वर रेट्रोपाय, म्हणजे जुने व्हिडिओ गेम चालवणारं सॉफ्टवेअर, बसलं, पण सिस्टिमच्या यादीत प्लेस्टेशन का दिसत नाही. वर एकाने सुचवलंय तसं मेमरी कार्ड पुन्हा फ्लॅश करायची, म्हणजे त्यावर सगळं सॉफ्टवेअर नव्याने लिहायची, गरज नाही. ज्या सिस्टिमच्या फोल्डरात चालणारी गेम फाइल नाही, ती सिस्टिम इम्युलेशनस्टेशन (रेट्रोपायचा गेम निवडायचा मेनू) दाखवतच नाही. त्यामुळे रॉम (गेमच्या फाइली) प्लेस्टेशनच्या 'पीएसएक्स' (psx) फोल्डरातच आहेत ना ते बघा, आणि कॉपी झाल्यावर स्टार्ट मेनूतून इम्युलेशनस्टेशन रीस्टार्ट करा.

पेनड्राइव्हने कॉपी करत असाल तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्यात इंग्रजी लहान अक्षरांत 'रेट्रोपाय' (retropie) नावाचं फोल्डर करा. पेनड्राइव्ह पायला लावून त्याचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा. आतली फोल्डरं आपोआप बनतात. मग पेनड्राइव्ह संगणकाला लावून रॉम त्यांत भरा आणि पुन्हा पायला लावा. घाईने काढलात तर अर्धवट फाइली येतात.

यादीत नाव आलं पण गेम काळा पडदा दाखवून परत येतो? तिथे बहुधा बायोस (मूळ प्लेस्टेशन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल) नसतो. तो रॉमच्या नाही, बायोस फोल्डरात हवा, आणि नाव लहान अक्षरांत, कारण लिनक्सला (पायवरची ऑपरेटिंग सिस्टिम) लहान-मोठं अक्षर वेगळं. गेमच्या बिन (.bin) फाइलचं नाव बदललं असेल तर तिचं नाव ज्यात लिहिलेलं असतं ती क्यू (.cue) फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून तिथेही बदला.

पडद्यावर विजेचं चिन्ह दिसतंय म्हणालात, ते सोडून देऊ नका. त्याचा अर्थ, पायला मिळणारं व्होल्टेज साधारण ४.६३च्या खाली गेलंय. पाय ४ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लावा. मोबाइलच्या चार्जरवर, त्यातही बारीक केबलने, कार्ड खराब होऊ शकतं.

आणि गेममधून बाहेर पडताना कंट्रोलरवरची सिलेक्ट आणि स्टार्ट बटणं एकत्र दाबा. तसं न करता वीज बंद केलीत तर गेमच्या आतलं सेव्ह एरवी कार्डावर लिहिलं जात नाही.