स्कॉलरशिपचे जादा तास आणि ते घेणारे गुरुजी-बाई

पाटीपेन्सिल:
शिष्यवृत्तीची परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणली. 2017 पासून ती पाचवी-आठवीला गेली होती, आणि ‘चौथीची स्कॉलरशिप’ म्हणत वाढलेल्या मला ते कधी पटलंच नाही. बातमी वाचली आणि आमच्या बाई आठवल्या.

शाळा सुटली की त्या आम्हाला स्वतःच्या घरी न्यायच्या. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आम्ही, आत बाई पोळ्या लाटतायत आणि तिथूनच ओरडून विचारतायत, “घड्याळात सव्वातीन, आरशात किती?” कुणालाच जमलं नाही की पिठाच्या हातांनी भिंतीवरचा आरसा काढून घड्याळासमोर धरायच्या. पावणेनऊ! त्या आरशाच्या कडेला कायम कणीक चिकटलेली. फीचा तर विषयच नव्हता. बाईंचे यजमान कामावरून आले की एवढी पोरं बघून परत चपला घालून बाहेर पडायचे, बिचारे.

तुमचे जादा तास कोणी घेतले? लिहा.

भुदरगडकर:
घरी कसलं, आम्ही शाळेतच झोपायला! थंडी सुरू झाली की वळकटी घेऊन मुक्काम. रात्री गणित, पहाटे बुद्धिमत्ता. आमच्यात शिष्यवृत्तीचं येडच हाय. आता यादीत पोरगं आलं की चौकात डिजिटल फलक लागतोय, तवा हलगी लावून मिरवणूक. गुरुजी पण आमच्यातच झोपायचे, घोरायचे असले की गणितं सोडवायला आपोआप जाग यायची. बस आली, उरलेलं नंतर.

कडूलिंब:
यजमान परत बाहेर 😂😂 कुठे जात असतील ओ?

पाटीपेन्सिल:
कोपऱ्यावर पानाची टपरी होती. तिथेच.

सिन्नरकर:
पेपर तालुक्याला. गुरुजींनी टेम्पो ठरवलेला, सगळ्यांच्या खिशात दोन-दोन टोकदार पेन्सिली आणि तोंडात आईनं दिलेली दहीसाखर. सुटल्यावर गुरुजींनी स्वतःच्या पैशानं भेळ खाऊ घातली, आणि “पेपर कसा गेला” हे कुणाला म्हणजे कुणालाच विचारलं नाही. भेळ मात्र “अजून पाहिजे का” असं प्रत्येकाला विचारलं.

बेळगावचा_कुंदा:
आमच्याकडे ही परीक्षाच नव्हती, कर्नाटक ना. सातवीला मुलकी नावाची परीक्षा. शाळा मराठी, कन्नड एक विषय. कन्नडच्या सरांचं मराठी आमच्या कन्नडइतकंच! मग सौदा ठरला. ते आम्हाला कन्नड धडा वाचून दाखवणार, आम्ही त्यांना तरुण भारत वाचून दाखवणार. क्रिकेटचं पान आधी.

ओसरी:
वडील व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे जुनी सातवीची परीक्षा, होऊन मास्तर झाले होते. त्या काळी तेवढ्यावर मास्तरकी मिळायची. माझा जादा तास म्हणजे घरीच, जेवायच्या ताटावर. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी, सगळे अपूर्णांकांचे पाढे. औट म्हणजे साडेतीन. सातची औटकी? साडेचोवीस. म्हणेपर्यंत आमटी वाढायचे नाहीत. नातवाला विचारलं तर तो मोबाईल काढतो.

मधलीसुट्टी:
मी जरा वेगळं लिहिते. आमच्याकडे जादा तासाला ‘निवडलेली’ मुलंच. मी नव्हते त्यात. चारनंतर आम्ही उरलेले मैदानात नुसते. सातवीत चित्रकलेच्या सरांनी बघितलं आणि म्हणाले, “इकडे या, एलिमेंटरीला, चित्रकलेच्या परीक्षेला बसायचंय तुम्हाला.” खडू, पोस्टर कलर सगळं त्यांचं. स्थिरचित्राला मांडलेली वांगी नंतर घरी न्यायची, हा नियम. आईला वाटायचं, शाळेत भाजी वाटतात.

कडूलिंब:
वांगी 😄 पण ते ‘निवडलेली’ वाचून वाईट वाटलं गं. आमच्याकडेही होतं तसं.

दोन_पोरांची_आई:
कुकर लावलाय, पटकन विचारते. धाकटा चौथीत आहे. जुने पेपर कुठे मिळतील? आणि आता पैसे किती मिळतात?

सिन्नरकर:
परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर असतात मागचे पेपर. रक्कम 2023 मध्ये दहापट केली, पाचवीला वर्षाला 5000 झाली होती. चौथीचं नव्यानं काय ठरलंय ते शाळेत विचारा. माझ्या शिष्यवृत्तीत सायकलची ट्यूब आली होती. फक्त ट्यूब.

भुदरगडकर:
आलो परत. गुरुजींचा आवडता प्रश्न घ्या: रांगेत मी डावीकडून सातवा, उजवीकडून बारावा. रांगेत एकूण किती?

दोन_पोरांची_आई:
19

ओसरी:
18. त्या ‘मी’ला दोन्हीकडून मोजलंत ताई.

दोन_पोरांची_आई:
अय्यो! धाकट्यानं 18 च सांगितलं होतं, मीच त्याला गप्प बसवलं.

भुदरगडकर:
मग त्याला जादा तास नकोत, तुम्हीच वळकटी घेऊन या 😂

मधलीसुट्टी:
कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते पण मोजा ताई