चार घरकुलं लागून बांधायची आहेत, वर छप्पर कोणतं घालावं?

देवळीकडची: आम्ही तिघी जावा आणि चुलत सासूबाई, चौघींची घरकुलं मंजूर झाली. प्रत्येकी १ लाख २० हजार, रोजगार हमीची मजुरी वेगळी. जागा एकमेकींना लागून आहे. अंगण, न्हाणी, पाण्याची टाकी सामाईक ठेवायची आमची फार इच्छा आहे, कारण सासूबाईंना एकटं ठेववत नाही. प्रश्न छपराचा. भासऱ्यांच्या स्लॅबच्या घरात मे महिन्यात मध्यरात्रीही भिंत गरम लागते. कवेलू म्हणजे मातीची कौलं थंड, पण वानरं एक साबूत ठेवत नाहीत. टिनाखाली दुपारी बसवत नाही.

विदर्भवासी: स्लॅबच घाला. कूलर लावला की झालं.

देवळीकडची: भाऊ, दुपारी लाईन गेली की कूलर बंद. म्हातारं माणूस तोवर काय करणार?

गवंडी, आर्वी: ताई, चारही घरं पूर्व-पश्चिम एका ओळीत घ्या. उन्हाळ्यात छपरानंतर सगळ्यात जास्त तापते ती पश्चिमेची भिंत, आणि ओळीत बांधलं की चौघींत मिळून ती एकच उरते. तिला लागून न्हाणी आणि सरपणाची खोली काढा, ऊन तिथंच अडेल. दारं-खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवा. दिवसा बंद, रात्री सताड उघड्या.

छपरासाठी वर्ध्याजवळ दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसमध्ये जाऊन या. देवेंद्रकुमारांनी १९७६ साली सुरू केलेली संस्था आहे. कुंभाराच्या चाकावरचे मातीचे पोकळ शंकू एकात एक बसवून कमान करायची पद्धत त्यांनी बसवली. सळई लागत नाही. पोकळीत हवा राहते, म्हणून ऊन खाली लवकर उतरत नाही. वरून लिंपण होतं, त्यामुळे वानरांचं भ्या नाही.

कमान भिंतीला बाहेर रेटते, हे मात्र नीट समजून घ्या जी. सुट्या घराला दोन्ही बाजूंनी टेकू द्यावा लागतो. तुमच्या ओळीत मधल्या भिंतींवर दोन्हीकडून सारखा रेटा येतो, तो एकमेकांना तोलतो. फक्त टोकाच्या दोन भिंती जाड करा. जाड भिंत पश्चिमेला तशीही हवीच होती. पाया मुरूम लागेस्तोवर खोदा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि कमानीला तडा चालत नाही.

सेलूकर: घरकुलाचा जिओटॅग फोटो, म्हणजे जागेचं ठिकाण नोंदलेला फोटो, प्रत्येकीचा वेगळा लागतो. स्वतंत्र दार आणि किमान २५ चौरस मीटर नकाशात स्पष्ट दाखवा. सामाईक भिंतीचं ग्रामसेवकाला पाया खोदायच्या आधी विचारा, हप्ता अडकायला नको.

देवळीकडची: मधल्या भिंतींचं आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गावात एका कुंभारदादांचं चाक अजून चालू आहे. दत्तपूरला जाताना त्यांनाच सोबत नेते, शंकू त्यांना जमतील का ते तेच सांगतील.

गवंडी, आर्वी: न्या. भट्टीही नीट लागली पाहिजे, कच्चा शंकू भार घेत नाही.