हाक आली, पण पोटरी आधी बघा

"आतून हाक आली की शिक्षण आपोआप होतं" हे मालिश-योगाचे उपचार सुरू करण्याबद्दलच्या या चर्चेच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. हाक मलाही आली होती. बँकेतली नोकरी सोडून सांगलीत विश्रामबागला एका खोलीत अभ्यंग आणि योगासनं सुरू केली, तेव्हा आईने चार दिवस अबोला धरला. गुडघेदुखीच्या आज्या यायच्या, कोमट तेल चोळलं की म्हणायच्या, "हाताला गुण आहे रे तुझ्या." डोक्यात हवा जातेच मग.

एकदा तासगावच्या एक काकी आल्या. मुंबईहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आलेल्या, "पोटरी भरलीय, जरा रगडून दे." तेलाची वाटी हातात होती माझ्या. बघतो तर डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच सुजलेली, गरम, कातडी तुकतुकीत. शिकवणाऱ्या बाईंनी घोकून घेतलं होतं: एकाच पायाला अशी सूज असेल तर चोळायचं नाही. शिरेत गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. वाटी ठेवली, रिक्षा बोलावून मिरजेला पाठवलं. डॉपलरमध्ये (शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) गुठळीच निघाली. हे आतून नव्हतं आलं, वहीतून आलं होतं.

आणि धागाकर्त्यांनी पाटीवर 'मधुमेह मुळापासून बरा' वगैरे लिहू नये. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे, ज्या आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करायची नाही त्यांच्या यादीत मधुमेह आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्या पाटीवर फक्त 'अभ्यंग व योग' आहे.