‘थेंबांचा आकार’ की ‘कणांचा व्यास’?

प्रश्न : नाशिकला भूगोल शिकवते. विमानातून ढगात नेल्या जाणाऱ्या मोजणीच्या उपकरणांवर मराठीत टिपण लिहायचंय. सगळ्यांना मिळून ‘पावसाच्या थेंबांचा आकार मोजणारी यंत्रं’ म्हटलं तर चालेल ना?

उत्तर : मॅडम, नको. ‘आकार’ म्हणजे घडण कशी हेही आणि मोठेपणा किती हेही, आणि ही उपकरणं नेमकी तिथेच वेगळी पडतात. क्लाउड ड्रॉपलेट प्रोब लेझरच्या झोतातून जाणाऱ्या कणाने किती प्रकाश विखुरला ते मोजतो आणि त्यावरून व्यास काढतो. साधारण २ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे फक्त ढगातले सूक्ष्म थेंब. कण गोल आहे हे धरूनच चालतो, घडण त्याला कळत नाही.

टूडी-एस हा दुसरा प्रोब कणाची सावली टिपतो. चित्रातला एकेक ठिपका (पिक्सेल) १० मायक्रॉनचा, त्यामुळे हिमस्फटिकाच्या फांद्यासुद्धा दिसतात, पण सव्वा मिलिमीटरच्या पुढचा कण चौकटीत मावत नाही. पीआयपी हा तिसरा प्रोबही सावलीच टिपतो, पण त्याचा ठिपका १०० मायक्रॉनचा. बारकावे जातात, पण सहा मिलिमीटरपर्यंतचा टपोरा थेंब पुरता मिळतो. एकाच विमानाला हे सगळे लावतात ते म्हणूनच. ‘आकारमान’ही टाळा, विद्यार्थी ते घनफळ समजतील. गोल थेंबाला ‘व्यास’, हिमकणाला ‘कमाल लांबी’ लिहा.

‘थेंब’ही सरसकट नको. पावसाळ्यात आपल्याकडे साधारण पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं, तिथे बर्फही असतो. शिवाय हिमकण उपकरणाच्या टोकांवर आपटून फुटतात आणि तुकडे मोजणीत शिरतात. बारीक कणांची संख्या फुगते, म्हणून टोकांची घडण बदलावी लागली. हा भाग टिपणात घ्याच, आकडे वाचताना तो फार महत्त्वाचा आहे. ‘वृष्टिकण’ हा शब्द पाणी आणि बर्फ दोन्हींना पुरतो.

प्रश्न : आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक थेंबांचा पाऊस?

उत्तर : त्याला ‘भुरभुर’ लिहा, बिनधास्त. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार छाटणीनंतरच्या भुरभुरीने धास्तावतो, कारण पर्जन्यमापकात जेमतेम काही पडलं तरी पानं ओली राहतात आणि डावणी हा बुरशीचा रोग येतो. विमानातून ती मोजायला टूडी-एस बरा. पीआयपीच्या चौकटीत तो थेंब फार तर चार-पाच ठिपक्यांचाच उरतो.